‘एक तृतीयांशाने घट’ म्हणजे किती? : एका संशोधनवार्तेचे परीक्षण

पुष्कळ शाळांच्या दर्शनी भागात एक फळा असतो. वर सुविचार, खाली दिनविशेष, आणि विज्ञानमंडळ उत्साही असेल तर ‘आजची विज्ञानवार्ता’. या वार्तांमध्ये आरोग्यविषयक वार्तांचा भरणा अधिक. अमुक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने तमुक रोगावर गुणकारी औषध शोधले, अमक्या पदार्थाने तमक्या आजाराचा धोका इतक्या टक्क्यांनी घटतो, अशा त्या दोन ओळी असतात. मुले येता-जाता वाचतात, दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो आणि नवी वार्ता येते.

या दोन ओळी येतात कोठून? वृत्तपत्रातून, हे उत्तर बरोबर आहे. पण वृत्तपत्राला त्या कोठून मिळतात? वार्ताहराने प्रयोगशाळेत जाऊन काम पाहिले, शोधनिबंध मुळातून वाचला, असे क्वचितच घडते. मोठ्या वैद्यकीय विद्यापीठांत एक प्रसिद्धी विभाग असतो. संशोधकांचा निबंध छापून येण्याच्या सुमारास हा विभाग एक-दोन पानांचे प्रसिद्धिपत्रक तयार करतो. तेच वृत्तपत्रांकडे जाते आणि तेच विद्यापीठाच्या वार्तापत्रात ‘संशोधनवार्ता’ या सदरात छापले जाते. शेजारच्या स्तंभात ‘आगामी कार्यक्रम’, म्हणजे व्याख्याने, चर्चासत्रे, परिषदा. थोडक्यात, आपल्या फळ्यावरच्या दोन ओळींचा मूळ लेखक बहुतेक वेळा विद्यापीठाच्या या विभागात बसलेला असतो.

पुस्तकांची, नाटकांची परीक्षणे आपण वाचतो. हे पत्रक मात्र पुस्तकापेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोचते आणि त्याचे परीक्षण फारसे कोणी करत नाही. ते आपण येथे करून पाहू.

पत्रकांची तपासणी

हे काम काही संशोधकांनी पद्धतशीरपणे केलेले आहे. अमेरिकेतील डार्टमथ येथील स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ या दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह २० वैद्यकीय विद्यापीठांची २०० पत्रके तपासली. त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांवरील संशोधनाची ९५ पत्रके होती. त्यांपैकी २२ पत्रकांत किती माणसांवर प्रयोग केला हेच सांगितले नव्हते आणि ३२ पत्रकांत निष्कर्ष आकड्यांत दिलेला नव्हता. प्राण्यांवरील किंवा प्रयोगशाळेतील संशोधनाची ८७ पत्रके होती. त्यांपैकी ६४ पत्रकांत या कामाचा माणसाच्या आरोग्याशी संबंध असल्याचे ठामपणे सांगितले होते.

दुसरी तपासणी ब्रिटनमधील. कार्डिफ विद्यापीठातील पेट्रॉक समनर, ख्रिस चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या २० प्रमुख विद्यापीठांची २०११ या वर्षातील ४६२ पत्रके घेतली. प्रत्येक पत्रकाच्या एका बाजूला मूळ निबंध ठेवला आणि दुसऱ्या बाजूला त्यावरून आलेल्या बातम्या. निबंधात नसलेली अतिशयोक्ती बातमीत नेमकी कोठे शिरते, हे त्यांना पाहायचे होते. उत्तर अनेकांना अनपेक्षित होते. प्राण्यांवरील प्रयोगांवरून माणसाविषयी वाढवून विधान करणारी पत्रकेच ३६ टक्के निघाली. पत्रकात अशी अतिशयोक्ती असेल तर ८६ टक्के बातम्यांत ती उतरत होती. पत्रकात ती नसेल तर केवळ १० टक्के बातम्यांत आढळत होती. म्हणजे आपण ज्यासाठी वार्ताहराला दोष देतो ते पुष्कळदा विद्यापीठाच्या दारातूनच बाहेर पडलेले असते. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली: वाढवून लिहिल्यामुळे पत्रकाची बातमी होण्याचे प्रमाण वाढते, असे फारसे दिसले नाही.

येथे एक सावधगिरी हवी. समनर यांची पाहणी ही पाहणीच आहे, प्रयोग नव्हे. पत्रक आणि बातमी या दोहोंत एकच चूक आढळली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी झाली, असे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही. दोघांनाही एकाच संशोधकाने फुगवून सांगितले असू शकते. पण आकड्यांतील तफावत इतकी मोठी आहे की पत्रकाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

उंदीर आणि माणूस यांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे एक उदाहरण आहे. बोस्टनचे ज्यूडा फोकमन अर्बुदाला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखण्याच्या मार्गावर काम करत होते. ३ मे १९९८ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर त्यांच्या उंदरांवरील प्रयोगांची बातमी दिली आणि कॅन्सर हरला, असा समज जगभर पसरला. स्वतः फोकमन सावध होते. आपण बरे करतो ते उंदरांना, याची आठवण ते करून देत. त्यांची कल्पना पुढे फळाला आली, पण कशी? तिच्यावर आधारलेले बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मोठ्या आतड्याचा पसरलेला कॅन्सर असलेल्यांना ते नेहमीच्या औषधांबरोबर दिल्यावर मध्यक आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिने झाले. पावणेपाच महिने ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. पण १९९८ च्या वाचकाने मनात बांधलेले चित्र हे नव्हते.

एक चांगले पत्रक

वाईट नमुन्यांवर टीका करणे सोपे असते. म्हणून मुद्दाम एक चांगले पत्रक परीक्षणाला घेऊ. करोनाच्या साथीत, १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाने एक निष्कर्ष जाहीर केला. ‘रिकव्हरी’ या नावाने ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी चालू होती. १७५ हून अधिक रुग्णालयांतील ११,५०० हून अधिक रुग्ण तीत सामील झाले होते आणि निरनिराळी औषधे तपासली जात होती. त्यांपैकी एक होते डेक्सामेथासोन. हे अनेक दशके वापरात असलेले स्वस्त स्टेरॉइड. पत्रकाच्या मथळ्याचा आशय असा होता: करोनामुळे श्वसनाचा गंभीर त्रास होऊन रुग्णालयात असलेल्यांचे मृत्यू या स्वस्त औषधाने एक तृतीयांशापर्यंत घटतात.

मथळ्याखालचा मजकूर पाहिला की लिहिणाऱ्याचे कौतुक वाटते. औषध किती, तर दिवसातून एकदा ६ मिलिग्रॅम, दहा दिवस. किती जणांना, तर २,१०४ रुग्णांना. तुलना कोणाशी, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या ४,३२१ रुग्णांशी. कोणाला कोणत्या गटात घालायचे हे डॉक्टर ठरवत नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते संगणकाने ठरत होते. हे महत्त्वाचे का, ते विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. डॉक्टरांनी निवड केली असती तर कदाचित अधिक आजारी रुग्णांना औषध मिळाले असते, किंवा उलटे. आणि मग फरक औषधामुळे की निवडीमुळे, हे कळले नसते.

मोजले काय, तर २८ दिवसांतील मृत्यू. रुग्णाला बरे वाटले का, अशा सैल प्रश्नापेक्षा हे माप पक्के आहे. आणि निष्कर्ष तीन गटांत वेगवेगळा दिला होता. श्वसनयंत्रावर असलेल्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती त्यांना फायदा झाला नाही. याशिवाय, साधारण ८ रुग्णांना श्वसनयंत्रावर असताना किंवा साधारण २५ रुग्णांना प्राणवायूवर असताना औषध दिले तर एक मृत्यू टळतो, असेही सांगितले होते. वोलोशिन आणि श्वार्ट्झ ज्या गोष्टी शोधत होते त्या बहुतेक सर्व येथे आहेत.

मग उणीव कोठे आहे? पहिली उणीव अशी की पत्रक निघाले तेव्हा निबंध उपलब्ध नव्हता. त्याचा प्राथमिक मसुदा २२ जूनला आला आणि नियतकालिकातील प्रसिद्धी १७ जुलैला झाली. मधले सहा दिवस जगभरच्या डॉक्टरांपुढे केवळ पत्रक होते. साथीत माणसे रोज मरत असताना थांबायचे की नाही, हा प्रश्न अवघड आहे, आणि माझ्या मते थांबले नाहीत हे बरे झाले. पण अशा वेळी पत्रकाच्या प्रत्येक वाक्याला औषधाच्या चिठ्ठीइतके वजन येते, हे विसरून चालत नाही.

दुसरी उणीव मथळ्यातील ‘पर्यंत’ या शब्दात आहे. ती समजण्यासाठी थोडे गणित करू.

शंभरात किती?

पुढे निबंधात आलेले आकडे असे. श्वसनयंत्रावरील रुग्णांत नेहमीच्या उपचारांनी शंभरात ४१.४ दगावले, डेक्सामेथासोन दिलेल्यांत २९.३. फरक १२.१. प्राणवायूवरील रुग्णांत २६.२ आणि २३.३. फरक २.९. सर्व रुग्ण एकत्र धरले तर २५.७ आणि २२.९. फरक २.८.

‘एक तृतीयांशाने घट’ आणि ‘शंभरात तीन मृत्यू कमी’ ही दोन्ही विधाने एकाच चाचणीविषयी करता येतात. पहिली सापेक्ष घट आहे आणि फक्त एका गटातील. दुसरी सरळ वजाबाकी आहे आणि सर्वांची मिळून. मथळ्यात साहजिकच मोठा आकडा गेला. तो किती जणांना लागू होता? श्वसनयंत्रावरील रुग्ण दोन्ही गटांत मिळून १,००७ होते आणि केवळ प्राणवायूवरील ३,८८३. म्हणजे मथळ्यात उल्लेखलेल्या गंभीर रुग्णांपैकी साधारण पाचांत एकालाच तो मोठा आकडा लागू होता. ‘पर्यंत’ हा शब्द लिहिला की विधान खोटे ठरत नाही, पण वाचकाच्या मनात राहतो तो आकडाच. दुकानावरची ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ ही पाटी आपण ओळखतो. संशोधनवार्तेतली ओळखत नाही.

चिकित्सक विद्यार्थी येथे एक शंका काढील, आणि त्याने ती काढावीच. प्राणवायूवरील गटात फरक २.९ असेल तर एक मृत्यू टाळायला १०० भागिले २.९, म्हणजे सुमारे ३४ रुग्णांना औषध द्यावे लागेल. मग पत्रकात २५ कसे? कारण असे की चिठ्ठ्या टाकूनही दोन गट अगदी सारखे होत नाहीत. डेक्सामेथासोनच्या गटाचे सरासरी वय १.१ वर्षांनी जास्त निघाले. वयस्कांत मृत्यू अधिक होतात, म्हणून संशोधकांनी वयाचा फरक धरून आकडे दुरुस्त केले. अशा दुरुस्तीने औषधाचा परिणाम कच्च्या वजाबाकीपेक्षा मोठा दिसतो. दुरुस्ती योग्य आहे. पण पत्रकात ती कशी केली याचे सोपे स्पष्टीकरण असते तर ही शंका तेथेच मिटली असती.

तिसरे वाक्य

आता सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे येऊ. प्राणवायूची गरज नसलेल्यांना फायदा झाला नाही, हे ते वाक्य. त्यापुढे कंसात आकडे होते: १.२२, आणि त्याची मर्यादा ०.८६ ते १.७५. हा आकडा १ असेल तर दोन्ही गटांत मृत्यू सारखे. १ पेक्षा कमी असेल तर औषधाने फायदा. जास्त असेल तर अपाय. मर्यादा १ च्या दोन्ही बाजूंना पसरली आहे, म्हणून ठाम काही म्हणता येत नाही. तरी तिचा मोठा भाग अपायाच्या बाजूला आहे. निबंधातील कच्चे आकडे तेच दाखवतात: औषध न दिलेल्या १,०३४ जणांत शंभरी १४ मृत्यू, दिलेल्या ५०१ जणांत १७.८.

‘फायदा झाला नाही’ हे विधान शब्दशः खरे आहे. पण सामान्य वाचक त्याचा अर्थ ‘घेतले तरी बिघडत नाही’ असा करतो. ‘फायदा दिसला नाही आणि अपाय होण्याची शक्यता या आकड्यांवरून नाकारता येत नाही’ असे लिहिले असते तर ते तितकेच खरे आणि अधिक उपयोगी झाले असते. शिवाय हे वाक्य मथळ्यात नव्हते, मजकुरात तिसऱ्या क्रमांकावर होते. दोन ओळींची बातमी करताना तिसरे वाक्य गळते, हे आपण फळ्यावर रोजच पाहतो.

याची किंमत आपल्याला अनोळखी नाही. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २७ जून २०२० रोजी डेक्सामेथासोनचा समावेश उपचारांच्या मार्गदर्शनात केला, आणि तो मध्यम व गंभीर रुग्णांपुरताच. अट कागदावर शाबूत होती. पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, रुग्णालयांत खाटा मिळेनात, आणि सौम्य आजार असलेले लोकही घरच्या घरी, पहिल्या काही दिवसांतच स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ लागले. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. त्याच सुमारास म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’, झपाट्याने वाढली. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रुग्णांची संख्या मोठी होती. नाक, डोळा, जबडा यांवर शस्त्रक्रिया झालेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये स्टेरॉइडच्या गैरवापराबद्दल जाहीर इशारा दिला. २८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार देशात या आजाराचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते. त्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि सुमारे ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते.

आपण पत्रकांना जे प्रश्न विचारतो ते या आकड्यांनाही विचारले पाहिजेत. ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते. पण बुरशी न झालेल्या करोनाच्या रुग्णांपैकी किती जणांना दिले होते? तो आकडा शेजारी नसेल तर केवळ ५३ वरून स्टेरॉइडमुळेच बुरशी झाली असे सिद्ध होत नाही. अनियंत्रित मधुमेह हे मोठे कारण होतेच. स्टेरॉइडवरचा संशय मुख्यतः ते शरीरात काय करते या जुन्या ज्ञानावर उभा आहे. आणि ऑक्सफर्डच्या पत्रकाने हे घडवले, असे म्हणणे तर अन्यायाचे होईल; स्टेरॉइड आपल्याकडे आधीपासून सर्रास वापरली जात होती. मुद्दा इतकाच की ज्या वाक्याची आपल्याला सर्वांत जास्त गरज होती ते मूळ पत्रकात होते, आणि बहुसंख्य लोकांपर्यंत ते पोचले नाही.

शेजारचा स्तंभ

सुरुवातीला उल्लेखलेल्या ‘आगामी कार्यक्रम’ या स्तंभाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वाचक तो सोडून देतो. खरे तर विज्ञानाचे निम्मे काम तेथे चालते. संशोधनवार्तेत निष्कर्ष पूर्ण झालेला दिसतो. चर्चासत्रात त्याच निष्कर्षाला प्रश्न विचारले जातात. वैद्यकीय महाविद्यालयांत ‘जर्नल क्लब’ नावाची एक जुनी प्रथा आहे. एक जण ताजा निबंध वाचून मांडतो आणि बाकीचे त्यातल्या उणिवा काढतात. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात असा क्लब सुरू केला. हेच ऑस्लर पुढे १९०५ मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले.

माझी तक्रार अशी की वार्तापत्रांत हे दोन स्तंभ एकमेकांशी बोलत नाहीत. वार्तेखाली ‘या निष्कर्षावर अमुक दिवशी चर्चा आहे, त्यावर आलेले आक्षेप असे आहेत’ अशी ओळ सहसा नसते. ती असती तर निष्कर्ष अजून तपासला जात आहे, हे वाचकाला आपोआप कळले असते. विज्ञान कसे चालते हे शिकवण्याची एवढी स्वस्त संधी विद्यापीठे वाया घालवतात.

फळ्यावरची तिसरी ओळ

विद्यापीठे सुधारतील तेव्हा सुधारतील. शाळेत मात्र आपल्याला उद्यापासून काही करता येईल. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी कोणतीही आरोग्यवार्ता फळ्यावर लिहिण्यापूर्वी तिला पाच प्रश्न विचारावेत.

१. प्रयोग कोणावर केला – पेशींवर, उंदरांवर की माणसांवर?
२. किती जणांवर केला?
३. तुलना कोणाशी केली आणि गट कसे पाडले?
४. फरक शंभरात किती पडला?
५. निष्कर्ष कोणाला लागू नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बातमीत बहुधा सापडतील. तिसऱ्यासाठी मूळ निबंधाचा सारांश पाहावा लागेल. तो आता बहुतेक वेळा विनामूल्य पाहता येतो. चौथ्यासाठी पाचवी-सहावीतली शेकडेवारी पुरते. पाचवा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर बातमीत जवळजवळ कधीच नसते. ते शोधण्यासाठी विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनी एक तासिका एकत्र घ्यावी. डेक्सामेथासोनचे वर दिलेले आकडे नमुना म्हणून वापरता येतील.

उत्तर मिळाले की फळ्यावर वार्तेच्या दोन ओळींखाली तिसरी ओळ लिहावी: ‘हे कोणाला लागू नाही’. उत्तर मिळाले नाही तर तेथे ‘बातमीत दिलेले नाही’ असे लिहावे. महिनाभराने वहीत नोंद करून ठेवलेल्या वार्ता मोजाव्यात आणि किती वार्तांखाली हे शब्द आले ते पाहावे. ती मोजणी आमच्याकडे जरूर कळवा. मात्र वार्ता किती होत्या आणि त्या कशा निवडल्या, हे लिहायला विसरू नका.